वळणावर अडणारं इंजिन

जमलेल्या सगळ्यांना शरणु शरणार्थी. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे.

मला दोन शब्द बोल म्हणाले. मी एका जागी टिकणारा माणूस नाही, एका मुद्द्यावर तर नाहीच. भरकटलो तर सांभाळून घ्या. शिवलिंग मामांनी जन्मभर तेच केलं. मी कुठलंही काम सोडून भवानी पेठेतल्या त्यांच्या शिलाई मशीनच्या दुकानात आलो, की मान वर न करता म्हणायचे, "बारो तम्मा." ये रे बाळा. या खेपेला काय सोडलंस, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांच्या फोटोखाली टेबलावर रूळ मांडून इंजिन ठेवलंय. आल्यापासून सगळे बघताय, विचारत कुणी नाही. त्याचंच सांगतो.

अकलूजच्या कारखान्यातलं काम सोडून मी पुण्याला गेलो होतो. तिथल्या रविवारच्या बाजारात... बाजाराचं राहू दे. तिथं एक खोका मिळाला. अरुंद रुळांवरच्या छोट्या इंजिनाचं विलायती किट. पांढऱ्या धातूचे सुटे भाग आणि झाकणावर चित्र. महानंदा मामींचे वडील बार्शीच्या छोट्या गाडीवर ड्रायव्हर होते, म्हणून घेतलं.

मामांनी भाग मांडले. चित्र बघितलं. म्हणाले, हे आपलं इंजिन नव्हे. एवढंसं छप्पर! ह्या देशात ड्रायव्हर उन्हानं भाजून निघंल की. झालं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून छप्पर लांब केलं. धुराडं उंच वाटलं, ते कापलं. मग टेबलावर लांबट गोल रूळ मांडून विजेच्या बटणावर इंजिन चालवलं, तर ते हलकं. चाकं जागच्या जागी फिरायची. शेजारच्या चादरींच्या कारखान्यात मागावर सुताला ताण द्यायला लोखंडी सळ्या लोंबतात ना, त्यांचे तुकडे मागून आणले आणि बॉयलरच्या पोटात भरले. गाडीनं रूळ धरला. मामा म्हणाले, आता कुठं हे सोलापूरचं झालं.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. वाकून बघितलं आणि विचारलं, "माझी बसायची जागा कुटं हाय?"

लहानपणी वडील त्यांना कधी कधी इंजिनात घ्यायचे. कोळशाशेजारी पालथ्या डब्यावर बसवायचे. दुसऱ्या दिवशी बघतो तर ड्रायव्हरची खोली मागून कापलेली. तळाला पत्र्याची पट्टी जोडून ती वाढवलेली. आणि तिथं वाटाण्याएवढी एक मुलगी बसलेली. लाल झग्यातली.

त्या दिवसापासून इंजिन वळणावर अडायला लागलं. सरळ रुळावर झकास, पण वळण आलं की ती वाढवलेली पट्टी मागच्या चाकाला घासायची. मग मामा बोटानं हळूच ढकलायचे. दर फेरीला. विरेश दादा जुळे सोलापूरहून आले की म्हणायचे, बाबा, एवढं केलंत, तर नीट चालू तरी द्या. एकदा मी कानस घेऊन बसलो. दोन मिनिटांचं काम होतं. मामा म्हणाले, "घास की. पण आदी तिला इचार, उतरतीस का म्हणून."

मंडळी, मी कुणाला विचारणार होतो?

मग मामा आजारी पडले. हात थरथरायला लागले. ते खाटेवरून बटण फिरवायचे आणि मामी टेबलाच्या त्या टोकाला स्टूल घेऊन बसायच्या. मामा गाडी सोडणार. वळणावर अडली की मामी ढकलणार. पुन्हा मामांकडं. दोघं एक शब्द बोलायचे नाहीत. एवढीच संध्याकाळ. शेवटच्या आठवड्यापर्यंत.

मामा गेले, तेव्हापासून मामी बोलल्या नव्हत्या. जेवल्या का विचारलं तर नुसती मान हलवायच्या. दादांना आणि मला तीच काळजी. आज आम्ही ठरवलं, निदान चारचौघांत तरी मामांचं इंजिन अडता कामा नये. सकाळी मी कानस काढली. इंजिन उलटं धरलं. ती लाल झग्यातली मुलगी माझ्या अंगठ्याखाली होती.

मामींनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "तितं मी बसती."

इतक्या दिवसांतलं पहिलं बोलणं. दादा दारात उभे होते, ते तोंड फिरवून बाहेर गेले.

बघा, मामी जाऊन बसल्यात वळणाजवळच्या स्टुलावर.

तर आता मी बटण फिरवतो. मामांसाठी एक फेरी. गाडी निघाल्यापासून परत फोटोखाली येईपर्यंत आपण सगळे शांत राहू. उभं राहायची गरज नाही. आणि वळणावर अडली, तर कृपा करून कुणी उठू नका.