लाईट आली, झाडं पाजा!

अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाडाची नाडी ओळखणारा माझ्यासारखा दुसरा माणूस न्हाई, तुमाला सांगतो! झाड जित्तं हाय का मेलंय, मी लांबून सांगतो... म्हंजे मेल्यावर सांगतो. जित्तं असतंय तवर जरा गडबड होती, पण मेल्यावर हा मुंजाजी कधीच चुकला न्हाई! आन् अशा माणसाला त्याच्याच सुनेनं त्याच्याच बोअरच्या व्हॉलला हात लावायची बंदी घातली. व्हॉलला साखळी, साखळीला कुलूप, कुलपाची किल्ली तिच्या पदराच्या गाठीत! आन् गुन्हा काय माझा? तर मी झाडांना पाणी पाजलं. आता तुमीच सांगा, पाणी पाजणं काय पाप हाय का?

हसू नका. आधी ऐका तर खरं.

पिंगळी टेशनच्या पल्याड आमचं घर. सून दैवशाला. लय कष्टाची, लय हुशार, आन् तोंडाची तर त्याहून लय. तिनं घरामागं शेडनेट उभं केलं. वर हिरवी जाळी, खाली काळ्या पिशव्या, पिशवीत माती आन् मातीत रोपं. करंज, कडुनिंब, बहावा. मी म्हणलं, "अगं, कडुनिंब कुणी इकत घेतंय का? तो तर गटारीच्या भेगंतून बी उगवतो!" तर म्हणते कशी, "मामा, शहरात आता गटारी बी शिमिटाच्या झाल्यात." घ्या! सासऱ्याला असं बोलायचं असतंय का?

पण तिचंच खरं निघालं बगा. परभणीत एक नवी कॉलनी झालीय, रस्ते चकाचक आन् सावली टिकलीएवढी बी न्हाई. त्या लोकांनी सांगून ठेवलं, मिरग लागला की रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात लावायला तुमची सगळी रोपं द्या. सगळी! दैवशाला त्या दिवशी अशी चालायली होती, जशी अख्ख्या परभणीवर हीच सावली धरणार.

आन् वैशाखात रोपं पिवळी पडायला लागली.

एका दुपारी जेवता जेवता ती म्हणली, "मामा, ही रोपं गेली ना, तर मी जाळी उतरवते आन् पुन्हा लोकाच्या रानात खुरपायला जाते." साधंच म्हणली. मीठ सरकवा म्हणल्यासारखं. आता रडून म्हणली असती तर मी चेष्टा केली असती, भांडून म्हणली असती तर दुप्पट केली असती. पण साध्या बोलण्याची चेष्टा कशी करायची, ते मला ह्या वयात बी जमलं न्हाई.

मंग मी काय केलं? आधी बी अधनंमधनं पाजायचोच, आता माझ्या परीनं इलाजच चालू केला. लाईट आली की पाणी!

आता तुमी शहरातले असाल तर तुमाला लाईट काय असती ते कळायचं न्हाई. तुमच्याकडं लाईट असती. आमच्याकडं लाईट येती. पावण्यासारखी येती, कधी येईल पत्ता न्हाई, कधी उठून जाईल भरवसा न्हाई. आली की आमच्याकडचा माणूस ताटावरनं उठतो, न्हाव्याकडनं अर्धी दाढी घेऊन पळतो, पण मोटर चालू करतो. दैवशाला सकाळी बेतानं पाणी द्यायची आन् दुपारी जरा लवंडायची. तेवढ्यात लाईट आली की मी हळूच व्हॉल फिरवायचो. झाड पिवळं दिसलं की जरा जास्त. लय पिवळं दिसलं की लय जास्त. बिचाऱ्यांना तहान लागली असंल! पाणी पाजणं काय पाप हाय का?

तोवर सल्ला देणारे बी यायले होते. आता सल्ला देणाऱ्याची मला लय हौस. म्हंजे सल्ल्याची न्हाई, देणाऱ्याची! मी काय केलं, एका लग्नाच्या मांडवातनं प्लास्टिकची फांदी आणली, हिरवीगार, थेट करंजासारखी, आन् पिशवीत खोवून करंजाच्या ओळीत शेवटाला उभी केली. आला औषधवाला. बांधावरूनच म्हणतो, "काका, माईट आहे, बारीक कोळी पडलाय, फवारा मारावा लागेल." मी म्हणलं, "सगळ्यालाच?" म्हणतो, "सगळ्यालाच. त्या शेवटच्याला तर सुरुवात झालीच आहे!" आता काय करावं? मी घरामागं जाऊन धोतराचा सोगा तोंडात कोंबून हसलो. दुसरा आला, त्यानं मोबाईलमधी फोटो काढला, मोबाईलला विचारलं, आन् मला म्हणला, "खत कमी पडतंय." तिसरा त्या फांदीला गोंजारून म्हणला, "येत्या पंधरवड्यात ह्याला फुटवे येतील." मी म्हणलं, "साहेब, पेढे वाटू!"

ह्या तिघांच्या मागनं आल्या राजेश्री म्याडम.

स्कुटीवर. डोक्याला रुमाल, पायात साधी चप्पल. नर्सरीवाल्यांना, जाळीतली शेती करणाऱ्यांना गावोगाव जाऊन सल्ला देतात. मी आपला आधीच जाऊन प्लास्टिकच्या करंजापाशी उभा. म्हणलं, "म्याडम, ह्याला बगा की, ह्याला काय रोग हाय?" त्यांनी पान बोटात धरलं. माझ्याकडं बघितलं. पुन्हा पानाकडं बघितलं. "बघते," म्हणल्या आन् पुढं गेल्या. फसली! मी मनातल्या मनात उडीच मारली.

पण बाई पुढं जाऊन खाली बसली ना! फतकल मारून, मातीत. एक पिवळं रोप उचललं, पिशवी फाडली, मुळ्या नाकाला लावल्या. आता मला सांगा, मुळ्या काय अत्तर हायत का वास घ्यायला? मुळ्या काळ्या पडलेल्या. बाई दैवशालाला विचारते, "ताई, पाणी किती वेळा देता?"

"सकाळी एकदा. बेतानं."

"मग दुसरं कोण देतंय?"

"दुसरं कोण देणार म्याडम? मी आन् मामाच तर घरी..." आन् तिथंच दैवशाला थांबली.

मी जाळीकडं बघायलो. जाळी लय चांगली विणलेली असते, तुमी कधी बघितलीय का?

तेवढ्यात, तुमाला सांगतो, बाईनं पिशव्यांची ओळ सरकवली आन् खालनं निघाला बेडूक! वैशाखात! परभणीच्या वैशाखात, जिथं विहिरीच्या तळाला कुत्रं झोपतंय, तिथं हा गडी गुबगुबीत, टम्म फुगलेला, म्याडमच्या ओढणीवर जाऊन बसला. मी म्हणलं, "पावणा हाय, बोरी गावाकडचा असंल." त्यावर म्याडम म्हणल्या, "बोरीची मी आहे काका. आमच्याकडचे बेडूक वैशाखात जमिनीखाली झोपतात. ह्याला इथं डबकं कोणी करून दिलं?"

दैवशालानं माझ्या वहाणांकडं बघितलं. वहाणांना चिखल. ओला.

आता लपवून काय उपयोग? मी बी आवाज चढवला. म्हणलं, दिलं पाणी! मीच दिलं! पाणी पाजणं काय पाप हाय का? दारी माणूस आलं तर आपण आधी तांब्या पुढं करतो, नाव मागनं विचारतो. मंग झाडानं काय घोडं मारलं?

म्याडम म्हणल्या, "काका, तांब्या पुढं करता. पावण्याचं तोंड उघडून ओतता का?"

ऐकलं? ही आजकालची पोरं!

मंग समजावून सांगायला लागल्या. म्हणल्या, मुळ्यांना हवा लागते. माती सारखी ओली राहिली की मुळ्या गुदमरतात, सडतात. सडलेली मुळी पाणी ओढत नाही, म्हणून झाड पिवळं पडतं, माना टाकतं, तहानल्यासारखं दिसतं. "आणि तुम्ही त्याला आणखी पाजता. काका, तुम्ही झाडाची तहान बघून पाणी देत नाही, लाईट बघून देता."

मी म्हणलं, "मंग? तहान लागंल तवा लाईट असंल, ह्याची ग्यारंटी कोण घेतंय?"

आता त्यांनी हातातलं रोप खाली ठेवलं. शिकलेल्या माणसाला गप केलं की मला लय गार वाटतं. पण ह्या खेपंला वाटलं न्हाई. कारण बोलता बोलता माझंच मन दुसरीकडं गेलं. ती मोसंबीची बाग आठवली. टँकरच्या साली वाळली. आमची भिवराबाई, म्हंजे माझी मालकीण, तवा होती. ती भांडी घासलेलं पाणी घागरीत साठवून न्यायची आन् एकेका झाडाला ओंजळ ओंजळ घालायची, आन् प्रत्येकाला म्हणायची, "आजचा दिस काढ, बाई." न्हाई निघाला दिस. पानं हातात चुरायची पापडासारखी. तवापासून मला पिवळं पान दिसलं की काही सुचत न्हाई. हे मी कुणाला सांगत न्हाई, चेष्टेखोर माणसानं असलं सांगितलं की लोक पुढचं हसायचं इसरतात... सोडा. तर मी काय सांगायलो होतो?

हां, म्याडम. त्या म्हणल्या, "लाईट आली की टाकी भरा काका, झाडं भरू नका. टाकी उंचावर ठेवा. मग लाईट असो नसो, पाणी तुमच्या हातात. आणि द्यायच्या आधी मातीत बोट घाला. बोट ओलं निघालं तर परत फिरा." मी म्हणलं, "एवढ्या शिक्षणाला शेवटी बोटच घालायचं का?" त्या हसल्या न्हाईत. म्हणल्या, "ही झाडं इथं राहणार नाहीत. डांबराच्या मधोमध राहणार. तिथं त्यांना आत्ताच थोडी कळ काढायला शिकवा. तिथं तुम्ही जाणार आहात का झारी घेऊन?"

मी विचार केला. रस्त्याच्या मधी मी, धोतर खोचून, हातात झारी, दोन्हीकडनं ट्रक भोंगे वाजवायलेत... जायला काय हरकत हाय?

"मामा!" दैवशाला वरडली. मी तोंडानं काहीच बोललो नव्हतो, तरी वरडली. सुनांना कसं कळतं हो?

आन् त्याच दिवशी कुलूप लागलं. पिशव्या इटांवर उचलून ठेवल्या, खालची तुंबलेली भोकं मोकळी केली, सडलेली रोपं काढून लांब टाकली. आन् मी? लाईट यायची, हात शिवशिवायचे, अन् मी बोट घालत हिंडायचो. ओलं. परत. ओलं. परत. शेवटी म्याडम पुन्हा फेरीला आल्या तवा म्हणलं, "बाई, एखादं तरी झाड मला द्या. हाताला काही तरी पाहिजे."

म्याडमनं इकडं तिकडं बघितलं. अन् बोट कुठं दाखवावं? शेवटाच्या प्लास्टिकच्या करंजाकडं! "ते तुमचं. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. त्याला पाजा, लाईट आली की पाजा, मन भरेपर्यंत पाजा. फक्त खाली घमेलं ठेवा. गळालेलं पाणी परत त्यालाच घाला, वाया जायला नको."

अरे बापरे! माझं पोट फुटायची पाळी आली. दैवशाला पदर तोंडाला लावून खोकत घरात पळाली. मला वाटलं, तिला उन्हाचा ठसका लागला.

मंग काय! लाईट आली की मी आन् ते प्लास्टिक. झारीनं घालायचो, घमेल्यात पडायचं, घमेल्यातनं परत झारीत. तेच पाणी, तीच झारी, आन् मनात एकच उकळी, की म्याडमला हे सांगायचं कधी! भर चारचौघांत सांगायचं, तिचं तोंड बघायचं. त्या नादात मी बाकीच्या झाडांकडं ढुंकून बी बघितलं न्हाई.

मिरगाच्या तोंडाला कॉलनीचा टेम्पो आला. म्याडम बी आल्या. थोडी रोपं गेली होती, न्हाई म्हणत न्हाई, पण बाकीची अशी ताठ उभी, पानं अशी जाड, की मलाच ओळखू येईनात. दैवशाला एकेक पिशवी टेम्पोत चढवायली होती, आन् प्रत्येकीवरनं हात फिरवायली होती. तोंडानं काही तरी पुटपुटायली. मी मुद्दाम जवळ गेलो न्हाई. काय म्हणायली असंल ते मला माहीत होतं.

म्हणलं, आता हीच येळ! आणलं माझं करंज उचलून, ठेवलं सगळ्यांच्या पुढं, आन् म्हणलं, "म्याडम, बगा! तुमी दिलेलं झाड कसं ठेवलंय, एक पान पिवळं न्हाई! आता जरा पान तोडून बगा... अहो प्लास्टिक हाय ते, प्लास्टिक! फसलात की!"

कॉलनीवाले हसायले. टेम्पोवाला हसायला. म्याडमनी रुमाल सोडला, तोंड पुसलं, आन् पहिल्यांदाच त्यांची अस्सल बोरीची भाषा बाहेर पडली.

"काका, मला पयल्याच दिवशी कळलं होतं. म्हणूनच दिलं तुमाला. तुमच्या मायेत जगण्याजोगं अख्ख्या नर्सरीत तेवढं एकच झाड होतं."