लाल दिवा आणि माझी पोटरी

…आणि वर मलाच विचारतात, "दशरथदादा, एवढा दिवा घेतलास, तरी लंगडतोस कसा?" आता काय सांगू यांना? दिव्याला मी नावं ठेवणार नाही. दिवा झकास होता.

तुम्हाला सांगतो, झालं काय, भांडुपला आमच्या मंडळाची बाल्या नाचाची तालीम चालू होती. गणपतीला गावी गेलो की नाचात पुढचा मान माझा, एक-दोन नाही, सव्वीस वर्षं. तालमीत नवीन पोरं ढिली पडली, म्हणून म्हटलं, बघा रे, उडी अशी मारायची… मारली. वर गेलो तो दशरथ, खाली आलं ते गाठोडं. उजवी पोटरी, जिच्याखाली घुंगरांचा चाळ बांधतो तीच, कट्कन गेली. काशीराम धावत आला. मागच्या रांगेत अकरा वर्षं माझ्या पाठीकडे बघून नाचणारा काशीराम. "दादा, तू आता बस हां, तुझी तब्येत महत्त्वाची." तोंडावर दुःख असं, की पेढेच वाटायचे बाकी होते.

गणपतीला सात आठवडे. मुलुंडच्या इस्पितळात व्यायाम शिकवणारी एक बाई, अनुपमा म्हणून, माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "काका, स्नायू फाटलाय. आधी पंधरा मिनिटं लाल दिव्याचा शेक, मग टाच वर, टाच खाली. दहाच्या तीन फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ. दिवा नुसता स्नायू सैल करतो, ताकद व्यायामानंच येते." मी ऐकलं फक्त दिव्यापर्यंत. जावई नंदकुमारनं दिवा आणून दिला आणि मी पाय पसरून असा पडलो, की संस्थानिकानं बघावं.

दिव्याला मी नावं ठेवणार नाही. ऊब काय, तो लाल उजेड काय… अख्खी चाळ बघायला. शेजारची शांताबाई आली, "भावजी, माझी मान धरलीय हो." म्हटलं बसा, पण तोंड मिटून, नाहीतर उजेड आत जातो आणि दात सैल होतात. पंधरा मिनिटं बाई गप्प. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. तिचा नवरा दुसऱ्या दिवशी मला विचारून गेला, दिवा अर्धा तास चालेल का म्हणून.

राहता राहिला व्यायाम. आता मी मिलमध्ये छत्तीस वर्षं काढलेला माणूस. तिथं आपला खाडा झाला की बदलीवाला उभा राहतो, माग काही थांबत नाही, कापड निघतंच. मला वाटलं, इथंही तसंच चालत असेल, नाही का? अनुपमाबाईंनी आमच्या सुगंधाला सांगितलं होतं, "काकी, आधी तुम्ही करून दाखवा, मग काकांकडून करून घ्या." म्हटलं, अगं, तू दाखव, मी मोजतो. ती खिडकीचा गज धरून टाच वर, टाच खाली. मी दिव्याखाली, "सात… आठ… वाकू नकोस गं." ती म्हणायची, "अहो, आता तुम्ही." मी म्हणायचो, संध्याकाळी. संध्याकाळी म्हणायचो, सकाळी. घरात व्यायाम तर होत होता ना? मग झालं तर.

सहाव्या आठवड्यात तपासणी. "काका, व्यायाम चालू आहे?" म्हटलं, एक दिवस चुकला नाही. आणि खोटं कुठं होतं ते? "मग उजव्या चवड्यावर उभे राहा." राहिलो की… दोन बोटं वर गेलो आणि टेबलावर आडवा. बाईंनी टेप काढली, दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी सुकलेल्या पडवळासारखी. "काकी, तुम्ही दाखवा बघू." आणि आमची सुगंधा, जी चार वर्षं गुडघा गुडघा करून रडत होती, बगळ्यासारखी एका पायावर उभी. वरून बाईंशी गप्पा मारतेय.

दिव्याला मी नावं ठेवणार नाही. पण गावच्या अंगणात पुढं नाचला काशीराम. नाच कसला, मुंग्या चावलेला रेडा. मी गाणाऱ्याच्या शेजारी पाय लांब करून झांज घेऊन बसलो. मुद्दाम ताल चुकवावा असं चारदा मनात आलं. नाही चुकवला. गणपतीसमोर आपण तेवढे हलकट नाही. आणि गौरीला सुगंधानं फुगडीत गावातल्या तीन तरण्या सुना दमवून खाली बसवल्या.

आता परत भांडुप. बाई म्हणाल्या, पहिल्यापासून सुरुवात, यंदाचं विसरा, पुढच्या वर्षाचं बघू. म्हणून रोज गज धरून मी टाच वर, टाच खाली. फुगड्यांनी पाय भरलेत म्हणून दिव्याखाली सुगंधा, आणि मोजायलाही तीच. नऊवर आलो की थांबते, पदर सारखा करते, आणि म्हणते, "अहो, कितीवर होतो आपण? जाऊ दे, एकपासून धरा."

धरतो. काय करणार?