दिलीपचा पियानो

जळणं काय असतं ते मला दिलीपच्या पियानोनं दाखवलं, गड्या! नव्वदीतली गोष्ट. सांगलीत आमच्या गल्लीत पेटी वाजवणारा मी एकटाच, त्यामुळं मान मोठा. एक दिवस शेजारच्या दिलीपनं पुण्याहून जुना पियानो आणला आणि सगळी गल्ली त्याच्या घरी लोटली. माझी बायकोसुद्धा!

दिलीपनं झाकण उघडून दाखवलं. पट्टी दाबली की लोकर लावलेली हातोडी तारेवर आपटायची आणि लगेच मागं यायची. तारेमागची लाकडी फळी थरथरायची, म्हणून आवाज घुमायचा.

मला राहवेना. म्हणालो, "पण सूर लगीच विरतोय की रं! माझ्या पेटीचा भाता हलवत ऱ्हायलं, की पायजे तेवढा टिकतो."

बायको फळीला कान लावून बसली होती. म्हणाली, "आवं, जरा गप बसा. विरतोय, त्योच ऐकतोय आमी."