तेहतीस अनारसे, चोवीसची हवा

नाई, नाई, पाइप सोडा पह्यले. सोडा, सर. चोवीस नाई भरत मी. दुसऱ्या दुकानात जाऊन चोवीस भरा, बावीस भरा, टायरात कापूस कोंबा, माया काई म्हननं नाई — पन सध्या गाडी तुमची माया जॅकवर उभी हाये, चाक मायापाशी हाये, आन् तेहतीसच्या खाली हे चाक त्या गाडीले लागत नाई. खिया काढला न बरोबर? बोटायेवढा खिया टायरातून काढून तुमच्या हातावर ठेवला, तवा तुमी म्हनले, वा सहदेवभाऊ, हात चांगला हाये तुमचा. मंग पंक्चरात हात चांगला आन् हवेत मी येडा? — नाई, रागावून नाई बोलून राहिलो. मायी बोलायची तऱ्हाच अशी हाये. बडनेऱ्याच्या या रोडवर बावीस वर्ष झाले दुकान टाकून, इतक्या वर्षात गोड बोलाले शिकलो असतो तं कोनाच्या तरी घरी जावई झालो असतो. ताई आन् लेकरं त्या निंबाखाली बसले हायेत तोवर बोलून घेऊ आपून.

उन्हाया हाये म्हने. मले नाई मालूम उन्हाया हाये? सकायपासून या टिनाखाली बसलो हाये, पाना हातात धरला तं चटका बसून राहिला. पन तुमी सांगता कसं — गरम झालं का हवा फुगते, फुगली का टायर फुटते, म्हनून उन्हायात कमी भरायची. काय शिकवता तुमी अकोल्यात? फिजिक्स? ज्युनिअर कॉलेजले? — बाप्पा! मंग तं हद्दच झाली. हे येवढं फिजिक्स तं समोरच्या रसवंतीवाल्यालेही येते, सर. आन् वांधं काय हाये मालूम हाये, ते अर्धं बरोबर हाये. फुगते हवा. तीन-चार पॉइंट फुगते. ते कंपनीवाल्यानं मोजून ठेवलं हाये, त्याले काई तुमची-मायी वाट पाहा लागत नाई. पन हवा कमी असली का टायर बसते खाली. फिरताना त्याची बाजू दबते-उठते, दबते-उठते, शंभरच्या स्पीडले मिनिटाले आठ-नवशे डाव. तुमी एक काम करा, लोखंडाची तार घ्या, एकाच जागी वाकवा-सरकी करा, वाकवा-सरकी करा, आन् मंग तिथं बोट लावा. चटका बसते का नाई? बसते. तशीच टायरची बाजू आतून शिजते. वरून काई दिसत नाई, वरून नक्षी नवीच्या नवी. आन् मंग एका टायमाले फाटते. हवा जास्त झाली म्हनून नाई फाटत, कमी व्होती म्हनून फाटते.

खरं सांगू, मले शिसारी येते आता. गाडी घेते येवढी मोठी, पेढे वाटते, चाकाखाली निंबू चिरडते — आन् गाडीसंगं जे पुस्तक येते ते प्लास्टिकातून काढत नाई मानूस. बेल्ट लावा म्हनून गाडी बोंबलते, तं तिचं तोंड बंद कराले खोटा क्लिप आनून खोसते! काल एक जन आला, म्हने टाकी अर्धीच भरतो, उन्हायात फुल केली का स्फोट होते, मोबाइलवर आलं व्होतं. चिखलदऱ्याच्या घाटातून न्यूट्रलमधी उतरते लोक — पेट्रोल वाचते म्हने! ब्रेक तापून खाली गेलेली गाडी काढाले मंग क्रेन लागते, तिचं पेट्रोल कोन मोजते? आन् सांगाले गेलं का, तू मिस्त्री हायेस बे, हवा भर. या, इकडे या. ड्रायव्हरच्या दाराची ही चौकट पाहा. स्टिकर दिसून राहिलं? कवा पाह्यलं व्होतं? — चार वर्षात नाई पाह्यलं. वाचा. चष्मा लावा आन् मोठ्यानं वाचा. — तेहतीस. कोनं लिहिलं ते, म्या? आन् आता तं बाकीचे तीन चाकं तापून हायेत, दोन पॉइंट जास्तच दाखवतीन, म्हनून त्याईत मी पस्तीस ठेवनार हाये. घ्या!

धोंडा खाऊन निघाले न सासुरवाडीहून? ओयखलं म्या. डिक्की उघडली तवा पितयेचा डबा पाह्यला. कोनं पाय धुतले, सासूबाईनं? असंन, आपल्याकडे तेच करते. अधिक मयन्यात जावई म्हनजे देव. मोजून तेहतीस अनारसे दिले असतीन — एक कमी दिला असता तं चाललं असतं का? बत्तीस देऊन म्हनल्या असत्या सासूबाई, उन्हाया हाये जावाईबापू, एक कमीच न्या? नाई न? जावयाले तेहतीसाच्या खाली चालत नाई आन् टायरले तेहतीस म्हनलं का जास्त होते. — हासा, हासा. ताई हासून राहिल्या तिकडे, त्याईले आयकू गेलं वाटते. चाक लावू का मंग?

काय? काय म्हनले?

नाई, पुन्हा सांगा. सावकाश सांगा. — तुमच्या कॉलेजात दर्यापूरचे एक सर हायेत. बरं. त्याईनं सांगतलं. का बडनेऱ्याकडे कोनी टायरवाला हाये, त्याले त्याच्या घरच्या जावयानं चोवीस भर म्हनून सांगतलं, त्यानं आयकलं नाई, आपल्या घमेंडीत हवा जास्त ठोकली, आन् टायर फुटून सख्खी बहीन गेली त्याची. — हाव. हाव, बरोबर. दर्यापूरले असंच सांगते. मले वाटलं व्होतं, ते तिथलं तिथंच राह्यलं असंन. आता अकोल्यात कॉलेजातही सांगून राहिले लोक. — नाई, काई झालं नाई मले. तुमी त्या स्टुलावर बसा. तो टायरवाला मीच हाये.

अरे बसा न. तुमाले काय मालूम व्होतं, माफी कायची त्यात? आठ वर्ष झाले. असाच जेष्ठाचा धोंडा व्होता, असंच ऊन. वर्षाली मायी धाकटी बहीन. मनोजभाऊजी तिचा नवरा, दर्यापूरले बी-बियान्याचं दुकान हाये त्याईचं. नवीन गाडी घेऊन आले व्होते. सकायी मायनं त्याईचे पाय धुतले, अनारसे झाले, दिवा झाला, जेवनं झाले, आन् दुपारी नागपूरले भावाकडे जातो म्हनून निघाले. निघता-निघता गाडी दुकानावर आनली, इथंच, तुमची उभी हाये तिथंच. माय आली व्होती वाटेले लावाले. भाऊजी म्हनले, सहदेव, चोवीस ठेव, उन्हाया हाये.

मले मालूम व्होतं, सर. लोकाईले वाटते मिस्त्रीले तरी कुठं समजते — मले मालूम व्होतं. त्याच्या चार वर्ष आंधी टायर कंपनीवाल्याईनं नागपूरले बोलावून शिकवलं व्होतं आमाले, सर्टिफिकेट दिलं व्होतं, ते पाहा तिथं भिंतीवर खिया हाये न, तिथं व्होतं. म्या म्हनलं, भाऊजी, तेहतीस लागते. एकडाव म्हनलं. ते हासले. म्हने, आता तू शिकवशीन का मले? आन् मायनं मायाकडे पाह्यलं. बस, पाह्यलं फक्त. सकायी ज्याचे पाय धुतले त्याच्यासंगं दुपारी हवेवरून भांडन? म्या खाली बसलो आन् चोवीस केली. तीस व्होती आंधी, सर. भरली नाई म्या, काढली. चारही चाकातली दाबून-दाबून काढली.

वर्षाली मांगच्या सीटवर व्होती, पोट्टीले मांडीवर घेऊन. काच खाली केली आन् म्हने, दादा, बरोबर हाये न सारं? म्या म्हनलं, हाव. बरोबर हाये, जाय.

तिवस्याच्या पुढं मांगचं डावं टायर गेलं. भाऊजीचा हात मोडला. पोट्टी वाचली, आकांक्षा, नऊ वर्षाची व्होती. वर्षाली नाई वाचली.

दवाखान्यात पोचलो तं भाऊजी बाकड्यावर बसून व्होते, हात गयात बांधेल, आन् साऱ्या सोयऱ्याईले सांगून राहिले व्होते — म्या चोवीस सांगतली व्होती, यानं आयकलं नाई, जास्त भरली. मले वाटलं आता मायाकडे पाहून गप होतीन. नाई झाले. मायाच डोयात डोये घालून सांगतलं. त्याईले खरंच तसं वाटत व्होतं का भेव लागलं व्होतं, ते मले आजपरयंत समजलं नाई. आन् साऱ्याईनं मानलं! काहून नाई मानतीन? उन्हायात जास्त हवेनं टायर फुटते, हे तं साऱ्याईलेच मालूम हाये. फिजिक्सच्या सरालेही मालूम हाये. मायनंही मानलं. ती तं इथं उभी व्होती, तिच्या समोर हवा सुटत व्होती — पन सुटते का भरते, तिले काय समजे? त्याच्यानंतर दोन वर्ष जगली माय, माया हातचं पानी घेतलं नाई तिनं.

गेलो व्होतो न मी सांगाले. दहाव्याच्या दिवशी दर्यापूरले गेलो, ठरवून गेलो व्होतो. पोट्टी बापाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली व्होती. मले वाटलं, हिची माय गेली, आता बापही घेऊ का हिचा? वापस आलो. — चांगलं वाटून राहिलं न आयकाले? मीही स्वतःले हेच सांगतो. पन आज तुमाले सांगून राहिलो तं खरं सांगतो. मी भेलो व्होतो. चोवीस व्होती म्हनून सांगतलं असतं, तं पह्यला सवाल आला असता — तुले मालूम व्होतं न सहदेव, मंग काढली काहून? त्याचं उत्तर काय देनार व्होतो मी? जावई मानूस व्होता म्हनून? माय पाहून राहिली व्होती म्हनून? तुमची शिसारी येते म्हनलं न मी आता — तुमची कायची, मले मायीच शिसारी येते. सर्टिफिकेट त्याच मयन्यात चुलीत जायून टाकलं म्या.

आन् मायी पोट्टी — भाचीच, पन मी पोट्टीच म्हनतो — सतरा वर्षाची झाली. राखीले येत नाई, दिवाईले येत नाई. बसमधून या रोडनं जाते तं तोंड तिकडे करते म्हने.

हे सारं गियलं असतं म्या, सर. पन तुमी आता जे सांगतलं न, ते नाई गियल्या जात. दर्यापूरले गाडीवाले चोवीसाच्याही खाली आले, मालूम हाये? तिथला एक जन म्हनत व्होता, बाविसाच्या वर भरतच नाई आमी, त्या बाईचं पाह्यलं न काय झालं ते. मायी बहीन मेली आन् तिचं नाव घेऊ-घेऊ लोक टायरातली हवा काढून राहिले! आठ वर्षात कितीक जनाईनं काढली असंन, त्यातले कितीक घरी पोचले नसतीन, मी मोजाले बसलो तं झोप लागत नाई. आन् त्यातलेच एक तुमी. मोठे शिकेल-सवरेल, मांग लेकरं, अकोल्यालोग हा सरका, सुसाट नवा रोड, आन् मायापाशी येऊन म्हनता, सहदेवभाऊ, चोवीस.

— मान नोका हालवू, तोंडानं सांगा. भरू तेहतीस? हं. मंग सरका बाजूले.

हे घ्या. पाहा काटा, तुमच्या डोयानं पाहा. हे तेहतीस. आन् हे तिघं पस्तीस, पस्तीस, पस्तीस. स्टेपनी पाह्यली म्या, तिच्यात हवाच नव्हती, तीही भरली. ताई, या, बसा, लेकराईले बेल्ट लावा. हाव, मांगचाही लावा लागते, ते शोभेसाठी नाई दिला.

काय म्हनता, सर? त्या दर्यापूरच्या सराले फोन करून खरं काय ते सांगतो? — नाई. नाई, नोका सांगू, त्याच गावात हाये ते पोट्टी, एका दिवसात तिच्या कानावर जाईन. — थांबा. सांगा. सांगाच, पन मी सांगतो तसं सांगा. म्हना, तो टायरवाला भेटला मले. हवा जास्त नव्हती, कमी व्होती, चोवीस भरली व्होती त्यानं, म्हनून फुटलं. आन् चोवीस कोनं सांगतली व्होती असं विचारलं, तं म्हना — कोनीच नाई. जावई तं बिचारा तेहतीस भर म्हनत व्होता, यानंच आपल्या मनानं कमी केली. हाव, असंच. खोटं हाये, मलेही मालूम हाये. असू द्या. लोक हवा तं बरोबर भरतीन, आन् पोट्टीचा बाप पोट्टीपाशी राहीन. — असं पाहून काय राहिले? जॅक काढला म्या. बसा गाडीत, निघा.