फळीची मधली जागा

चूक प्लासिड काकाची आणि माझ्या बापाची. अर्धी अर्धी! त्या दोघांना जगात सगळं अर्धं अर्धंच लागतं, तर घ्या, चूकही अर्धी अर्धी घ्या. उगाच दर्याला आणि वाऱ्याला नावं ठेवू नका. वारा त्या दिवशी रोजच्यासारखाच होता.

तुम्हाला सांगतो, माझा बाप बर्नार्ड आणि त्याचा थोरला भाऊ प्लासिड सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. का? तर आजोबाच्या थडग्यावर क्रूस बसवला, खर्च दोघांनी केला, आणि खाली बसवणाऱ्यांत कोणाचं नाव आधी कोरायचं! काका म्हणतो मी थोरला, बाप म्हणतो म्हाताऱ्याला शेवटपर्यंत भात मी घातला, आणि ते ऐकता ऐकता कोरणारा माणूस इतका वैतागला की हत्यारं उचलून चालता झाला. आजतागायत थडग्यावर नुसतं 'पास्कू' आहे. आडनाव नाही, साल नाही… मेलेल्या माणसाला अर्धवट ठेवला ह्यांनी, जिवंत माणसाचं काय घेऊन बसलात!

बरं, नव्हते बोलत तर नव्हते, कोणाचं काय अडलं होतं? पण ब्याऐंशी साली चर्चमध्ये मिशनचा आठवडा झाला, बाहेरून आलेल्या फादरांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि म्हणाले, "दोघे मिळून एखादा धंदा करा." दोघांनीही मुंड्या हलवल्या. धंदा मिळून करा म्हणाले ना? बोला असं कुठं म्हणाले? मग बोलायचं कोणी? मी! कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलेलं, म्हणजे ह्यांच्या हिशेबानं रिकामा, म्हणजे निरोप्या. एकाच ओट्यावर दोन टोकांना दोघे बसणार आणि बाप मला सांगणार, "मायकल, त्याला सांग, होडी घेऊ." काका, हाताच्या अंतरावर, "त्याला इचार, कसली?"

होडी आली ॲल्युमिनियमची. मुंबईला दारूखाना बंदरात कुठलं तरी जहाज तोडत होते, त्याच्या भंगारातली. आमच्या वसईच्या किल्ल्यामागच्या बंदरावर सगळ्या होड्या लाकडाच्या, आणि त्यात ही चकचकीत, हलकी, चार जणांनी उचलावी इतकी. मासळीवाल्या बाया हसून लोळल्या, "मायकल, ह्यो टोप कोनाचा रे? झाकन कुटं हाय?"

आता इंजिन. हे मागच्या फळीला बाहेरून टांगायचं असतं, हाताच्या दांड्यानं वळवायचं, दांडाच पिळून वेग कमीजास्त करायचा, साधी गोष्ट. काकानं आणलं पंचवीस घोड्यांचं, परदेशातून, रेड्याएवढं. बापाकडं एक आठ घोड्यांचं जुनं होतं, बकरीएवढं. मी म्हणालो, मोठं एकटंच लावा, मधोमध. लहान घरी ठेवा, नाहीतर अडीअडचणीला आत आडवं टाका. कुठलंही शेंबडं पोर सांगेल ना हे? हलकी होडी, एक इंजिन, बरोबर मध्ये! तर बाप उसळला, "मधी त्याचा? मंग माजा अर्धा हिस्सा कुटं गेला? पान्यान?" मी काकाला म्हणालो, मग लहानच लावू या मध्ये. काका म्हणाला, "त्याला सांग, मी हात धुवाला आलो नाय."

म्हणजे मधली जागा कोणालाच नाही. रेजिना काकीची कपडे मापायची टेप आणली, फळीचा बरोबर मध्य काढला, खडूनं रेघ मारली, आणि रेघेच्या डावीकडं एका हातावर रेडा, उजवीकडं तेवढ्याच एका हातावर बकरी! मापात दोराभर फरक नाही. मोठा न्याय केला. होडी पाण्यात ढकलली तर ती डावीकडं अशी कलली की जणू कोणाचं तरी गुपित ऐकतेय.

मी म्हणालो, मागं बघा. फळी आणि पाणी ह्यांच्यात वीतभर जागा राहिलीय.

काका म्हणतो, "तुला कालेजान ह्योच शिकवला काय? आमी दर्यान मोठे झालो." अहो, तुम्ही बावीस वर्षं जहाजावर होतात, पण भंडारी होतात! कांदे कापले तुम्ही बावीस वर्षं, सुकाणूला कधी हात लावलात?… हे मी मनात म्हणालो. तोंडावर म्हणालो नाही, कारण काकानं कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकायचा होता. जहाजावर इंजिनखात्यात खलाशी म्हणून. हे बंदर, हा ओटा, ही निरोप्याची नोकरी सुटायची माझ्याकडं तेवढी एकच वाट होती, आणि ती काकाच्या तोंडातून जात होती. "पयली फेरी होऊ दे," म्हणाला, "सोमवारी तुला हापिसान नेतो." म्हणून मी बसलो त्या टोपात. नाहीतर तुम्हाला काय वाटलं, मला पाण्यात बुडबुडे बघायची हौस होती?

रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर फादरांनी येऊन होडीवर पवित्र पाणी शिंपडलं. आत पडलेलं ते पहिलं पाणी.

कलली होडी सरळ कशी करायची? इंजिन सरकवायचं नाही हं, रेघ म्हणजे रेघ! मग वाळूचं पोतं आणून बकरीच्या बाजूला ठेवलं. म्हणजे वजन कमी करायच्या ऐवजी वाढवलं, तेही मागंच. घासलेटचे डबे मागं, कारण ज्याचा डबा त्याच्या नजरेसमोर. दोघा म्हाताऱ्यांची पोटं मागं, कारण ज्याचं इंजिन त्यानंच धरायचं, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर आभाळाकडं उचलली म्हणून ती दाबायला पुढं मी. दोन इंजिनं, दोन म्हातारे, दोन डबे, एक पोतं एकीकडं, आणि दुसरीकडं माझं हे काटकुळं शरीर!

मी म्हणालो, मागं बघा, चार बोटं राहिलीत. बाप म्हणाला, "तू पुडं बघ."

निघालो. ओहोटी लागलेली. किनाऱ्यावर हिलरी, आमचा शेजारी, आपल्या लाकडी होडीत जाळी भरत होता. रोज हाका मारून टिंगल करणारा माणूस, त्यानं त्या दिवशी आमच्याकडं बघितलं, फळीकडं बघितलं, आणि जाळी तशीच टाकून आपल्या होडीचा दोर सोडला. बायाही हसेनात.

दोन्ही इंजिनं चालू झाली. आता डावीकडचं तिप्पट जोरात ढकलणार, तर होडी कुठं वळणार? उजवीकडं! किल्ल्याच्या भिंतीसमोर आम्ही गोल. सरळ जायला काकानं वेग कमी करायला हवा. "त्याला सांग, कमी कर!" काका, "त्याला सांग, तूच वाढव! माजा इंजिन मी कशाला दाबू?" दोघांमध्ये अंतर किती? गुडघ्याला गुडघा लागत होता हो! तरी बापाचा शब्द आधी नाळेपर्यंत माझ्याकडं येणार, मी तो ओरडून परत मागं पाठवणार, तेव्हा तो काकाच्या कानात शिरणार. तोवर ऐकूच येत नाही असा चेहरा करून काका समोर बघत बसणार. माझ्या घशाच्या जोरावर ती होडी चालली होती, तुम्हाला सांगतो, घासलेटवर नाही.

कसेबसे खाडीच्या तोंडाशी आलो. तिथं ओहोटीचं पाणी बाहेर जातं, वारा बाहेरून आत येतो, आणि दोघं जिथं भिडतात तिथं लाटा उभ्या राहतात. पुढं जात नाहीत, नुसत्या उभ्या राहतात… वाट बघत असल्यासारख्या. पाण्याचा रंग बदलला. मी वळून बघितलं, फळीवरून एक पातळ पापुद्रा आत आला, पोत्याखाली गेला, आवाजसुद्धा केला नाही.

मी म्हणालो, मागं बघा! दोनच बोटं!

दोघांनी बघितलं. एकमेकांकडं. बाप म्हणतो, "त्याच्या बाजूनी येते." काका म्हणतो, "त्याच्या पोत्यामुलं."

आणि बकरी बंद पडली. एक उचकी दिली आणि संपली. रेडा पूर्ण जोरात, एकटा, एका बाजूला! होडी गर्रकन फिरली, पाठ लाटांकडं. बाप किंचाळला, "कमी कर, कमी कर!" सात वर्षांत पहिल्यांदा थेट भावाला! आणि काका? काका माझ्याकडं बघतोय. अहो, माझ्याकडं! निरोपाची वाट बघतोय! माझ्या तोंडात खारं पाणी, मी थुंकलो, ओरडलो, "कमी कर म्हणतोय!" तेव्हा त्या शहाण्यानं दांडा असा एकदम पिळला की होडी जागच्या जागी थांबली. मागून आमचीच उठवलेली लाट धावत येत होती, ती काही थांबली नाही. ती फळीवरून सरळ आत आली, तिला कोणाला विचारायचं नव्हतं.

मग रेडा बसला, डावी बाजू बसली, मी वरून खाली त्या दोघांवर, आणि होडी आमच्यावर उलटी. इंजिन कमी केलं होतं, बंद नव्हतं. पंखा फिरत होता. मी आधाराला हात टाकला तो तिथंच.

हिलरी आमच्या पाठोपाठ निघाला होता म्हणून तिघं वर आलो. दोघा म्हाताऱ्यांना खरचटलंसुद्धा नाही.

वसईच्या दवाखान्यात शुद्धीवर आलो, हाताला खांद्यापर्यंत पांढरं बांधलेलं, खाटेच्या दोन बाजूंना दोघे. काका म्हणाला, "बर्नार्ड, चा पितं काय?" बाप म्हणाला, "पितो की, प्लासिड." इतकं सोपं होतं हो ते! माझ्या अंगावरून सरळ पलीकडं बोलले. आता रोज संध्याकाळी ओट्यावर एकाच बाकावर बसतात, एकाच पुडीतली तंबाखू मळतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एका सुरात सांगतात, "आमचा काय नाय चुकला. पोरानी निरोप द्याला उशीर केला."

उजव्या हाताची मूठ वळत नाही. कंपनीच्या मेडिकलला मला नापास केलं, आणि जहाजावरची नोकरी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली.