गुरुजींची रिकामी खुर्ची

मंडळी, ऐका! मला एक सांगा — देवळात शिरताना घंटा वाजवायला सगळ्यांचे हात वर! मग सभेत तोंड उघडायची वेळ आली, की सगळ्यांची दातखीळ का बसते हो? हं! आता कसे गप्प झालात! असू द्या. गोष्टच सांगतो.

कासारखेडची शाळा. शाळेच्या समितीवर शिक्षकांची एक जागा रिकामी. आणि तिथल्या शिक्षकांची रीत काय? सभेला जो गैरहजर, त्याचं नाव सुचवायचं! बिचारा दुसऱ्या दिवशी येतो, तर गळ्यात हार!

मग निवडीच्या दिवशी काय व्हावं? अहो, सगळे हजर! रजेवरचे हजर! बोबडे सर तापानं फणफणलेले — घोंगडी पांघरून आले! एवढी हजेरी झेंडावंदनाला नसायची!

मुख्याध्यापक म्हणाले, "बोला, कोण होतंय?"

सगळे बघतायत छताकडे. पहिलीच्या वत्सलाबाई तर पंखा जन्मात बघितला नसल्यासारख्या! जागा राहिली रिकामी.

पुढं चैत्रात बाई वर्गावर येतात, तर बाकं बाहेर, पोरं व्हरांड्यात! समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब दारात. म्हणाले, "बाई, ही खोली आता समितीचं ऑफिस. पहिलीचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये."

"आप्पा, एवढीएवढी लेकरं! भाजून निघतील! शिक्षकांना विचारलंत का?"

"विचारलं की!" आप्पांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. "ती समितीवरची तुमची शिक्षकांची खुर्ची. काही हरकत आहे का, म्हटलं. खुर्ची काही बोलली नाही."

हसू नका, मंडळी! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पांवर रागवायचं कुठल्या तोंडानं? त्या दिवशी आपणच पंखा बघत होतो ना!

बाईंनी पदर खोचला. गेल्या, आणि खुर्चीत बसल्या! "माझं नाव मीच सुचवते!"

"अनुमोदन!" — दारातून कोण? बोबडे सर!

"आता विचारा आप्पा. हरकत आहे! ऑफिस न्या शेडमध्ये."

"अहो बाई, तिथं उकडतं!" आप्पा म्हणाले.

म्हणाले, आणि जीभच चावली! बाकं आत आली, मंडळी!

आता खरं सांगतो. आपल्या शाळेतही शिक्षकांची जागा रिकामी आहे म्हणे. अहो पुढच्या रांगेतले गुरुजी, वर काय बघताय? हा मांडव आहे, इथं पंखा नाही! आणि आज जे आले नाहीत, त्यांची नावं मला सांगायची नाहीत!

चला, आधी हरीचं नाव घ्या सगळे — आणि मग एकानं तरी स्वतःचं!