सवतीचं रक्त

…अगं, या इमारतीत साखरेचं मला जेवढं कळतं तेवढं कुणालाच कळत नाही — म्हणजे कुणाच्या चहात किती चमचे, एवढंच. बाकी तुमच्या एन्झाइमांशी माझा संबंध सशांच्या लेंड्या काढण्यापुरता. बस ना, पिंजऱ्यावरच बस, आता रिकामेच आहेत. तोंड का पाडलंयस? कालचा प्रयोग फसला? फसणारच होता. सांगतो, दम धर.

सवत माहीत आहे ना तुला? फाटक्या कानाची सशीण, जिचं रक्त तुम्ही अजून वापरता — ती. नाव माझ्या बायकोनं ठेवलेलं. मी दिवसभर इथं, म्हणून संध्याकाळी विचारायची, सवत जेवली का? मोठ्या साहेबांनी सवतीला तो एन्झाइम टोचला — साखर यकृतात शिरली की तिच्या शेपटाला गाठ मारतो, परत पळायला नको म्हणून, तोच ना? — आणि तिच्या रक्तानं त्याला असं ओळखलं, की दिसेल तिथं जाऊन चिकटायचं. वर तुमचा रंग सोडला की हिरवं चमकतं. सवत मेली, साहेब गेले, रक्त मात्र फ्रीजरमध्ये अजून ओळख धरून बसलंय. माणसाचं तसं नसतं बघ. बायको जाऊन वर्षं झाली, मला हिचं नाक आठवतं, हसणं आठवतं, पण चेहरा काही जुळत नाही. जुळेचना झालाय. आणि स्वयंपाकघरात कपात चमचा फिरतो. तिला साखर बंद होती ना, चोरून घालायची, चमचा कपाला लागू नये म्हणून हळू फिरवायची — अजून हळूच फिरवते. मी उठून बघत नाही. गेलो तर थांबेल.

हां, तर गंमत. रागावू नकोस. सशाला टोचायच्या आधी थोडं रक्त काढून ठेवतात की नाही, पडताळ्याला — कोरं, कुणालाच न ओळखणारं? परवा मी दोन नळ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. तुला कोरं मिळालं, म्हणून काल तुझ्या काचेवर सगळा काळोख. खरी नळी ही, बर्फात, तळाशी थेंबभर. शेवटचा. तू तो उंदरांच्या यकृताच्या कापांवर उधळला असतास, आणि उंदीर काय, मिळतील ढीगभर. पण त्या खालच्या खणात मेणाची वडी होती — हिच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा यकृताचा कण साहेबांना दिलेला, तो त्या मेणात बसवलेला. सही तिनंच ठोकली. म्हणाली, सवत राहते तिथं मीही राहते. कापून कापून वडी संपली, काचेवर एकच काप उरलाय. त्याच्यावर लाव हा थेंब. एकदाच. साखरेचा आजार असलेल्या माणसात कमी चमकतं म्हणायचे साहेब. कमी तर कमी. मला नाही ओळखता येत, सवत तरी ओळखेल. मग मी कुणाची खोडी काढणार नाही — बरं, तुझी तरी नाही. अशी काय बघतेस? चोरी नाही केली, चेष्टा केली.

“काका, काल मी उंदराचा काप घेतलाच नव्हता. तुम्ही रोज त्या खणापाशी थांबता, म्हणून तुम्हाला दाखवायला काकूंचा तो उरलेला काप घेतला होता. चमकेना, म्हणून पुन्हा पुन्हा धुतला. धुताना तो काचेवरून सुटून वाहून गेला.”